विद्येच्या कोठारास कुलूप कोणाचें?

(गांवच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



मी कोणी पंडित नाहीं. अध्यापक विद्यालयांत दोन वर्षें शिकून बाहेर पडलेला आणि वीस वर्षांहून अधिक काळ खेड्यांतल्या मुलांना बाराखडी शिकवीत आलेला मी एक मास्तर आहें. तेव्हां जगांतले विद्वान लोक आपली विद्या एकमेकांस कशी देतात आणि ती छापण्याचा व्यापार कसा चालतो, या विषयावर मीं बोलावें याचें पुष्कळांस नवल वाटेल. मास्तरानें पाढे शिकवावे, विद्वानांच्या पंचायती त्याला कशाला? परंतु हा विषय आपण होऊन माझ्या दारीं चालत आला. तो कसा आला हें आधीं सांगतों.

सहासात वर्षांपूर्वीं एका कॉलेजांतले कांहीं लोक आपल्या गांवीं आले होते, हें आपणांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. त्यांनीं विहिरींचें आणि हातपंपांचें पाणी बाटल्यांत भरून नेलें. मीच त्यांच्याबरोबर वही घेऊन आळोआळीं फिरलों. बायकांनीं त्यांस चहा दिला. शेतकऱ्यांनीं कोणत्या पिकास किती गोणी खत घालतों हें खरेंखरें सांगितलें. "रिपोर्ट पाठवूं" असें म्हणून मंडळी गेली. रिपोर्ट कांहीं आला नाहीं. आपणही विसरलों, कारण आपल्याकडून माहिती नेणारा परत येत नाहीं, याची आपणांस संवय आहे.

मागल्या वर्षीं माझी एक जुनी विद्यार्थिनी, जी आतां शहरांत शास्त्र शाखेंत शिकत आहे, तिला संगणकावर एका परदेशी मासिकांत आपल्या तालुक्याचें नांव दिसलें. लेख आपल्याच पाण्यावर होता. मथळा दिसला, आठदहा ओळींचा सारांश दिसला, आणि त्याखालीं कुलुपाचें चित्र! सबंध लेख वाचावयाचा असेल तर तिसांहून अधिक डॉलर, म्हणजे आपले सुमारें तीन हजार रुपये, भरा, असें तेथें लिहिलें होतें. पोरीनें मला फोन केला. ती म्हणाली, "गुरुजी, विहीर आपली, पाणी आपलें, तें पिणारीं लेकरें आपलीं; आणि त्यांत काय आहे हें विचारलें तर आपल्यालाच पैसे मागतात." बंधूंनो, त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागें लागलों. जें कळलें तें आपणांपुढें ठेवतों.

आधीं ही छापण्याची रीत कशी निघाली तें पाहूं. चारशें वर्षांपूर्वीं युरोपांतले विद्वानसुद्धां विद्या लपवीत असत. गॅलिलिओसारख्या थोर ज्योतिर्विदानें सन १६१० मध्यें दुर्बिणींतून शनि पाहिला, आणि जें दिसलें तें अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपानें कळविलें. हेतु हा कीं, शोध आपला हें पुढें सिद्ध करतां यावें, पण तो तूर्त दुसऱ्याच्या हातीं लागूं नये. आपल्याकडचा एखादा वैदू मरतांना पोटच्या पोरालासुद्धां मुळीचें नांव सांगत नसे, त्यांतलाच हा प्रकार.

ही चाल मोडली ती छापील मासिकांनीं. सन १६६५ च्या जानेवारींत पॅरिस येथें विद्वानांचें एक पत्र निघालें. त्याच वर्षीं मार्चमध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनीं 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हें पत्र पदरच्या खर्चानें काढलें. कोणीं, केव्हां, काय शोधलें हें त्यांत छापून जाहीर होऊं लागलें. शोध लावणाराला मान मिळावा आणि शोध सर्वांचा व्हावा, असा हा साधा करार होता. तें पत्र अजूनही चालू आहे. लपवून ठेवल्यानें विद्या कुजते आणि वांटल्यानें वाढते, ही गोष्ट त्या लोकांनीं ओळखली, म्हणून त्यांचीं शास्त्रें पुढें गेलीं.

वांटण्यानें काय होतें याचे दाखले आपल्याच देशांत आहेत. सन १९२४ मध्यें डाक्क्याच्या विद्यापीठांतले सत्येंद्रनाथ बोस या तरुण अध्यापकानें आपला लेख थेट आइन्स्टाइनकडे टपालानें धाडला. ना ओळख, ना शिफारस. आइन्स्टाइननें तो वाचला, स्वतः त्याचें जर्मन भाषांतर केलें आणि जर्मनीच्या मासिकांत छापविलें. आज जगभर त्या शोधाला दोघांचें नांव आहे. सन १९२८ मध्यें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं आपला शोध कलकत्त्याच्या 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्यें छापला आणि छापील प्रती देशोदेशींच्या शास्त्रज्ञांकडे धाडल्या. दोन वर्षांत नोबेल पारितोषिक घरीं आलें.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर! बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. तेथें कोलंबिया विद्यापीठांत ९ मे १९१६ रोजीं त्यांनीं भारतांतील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. तो १९१७ सालच्या मे महिन्यांत 'इंडियन अँटिक्वरी' या विद्वानांच्या मासिकांत छापून आला. आज तो निबंध कोणाही मुलाला फुकट वाचावयास मिळतो. समजा, तो एखाद्या कुलुपाआड पडला असता, तर त्यावर ज्या हजारोंनीं विचार केला त्यांतले किती जण त्याच्यापर्यंत पोंचले असते?

आतां या धंद्याचा हिशेब पाहूं. मीं तो गणिताच्या तासाला सातवीच्या मुलांपुढें मांडला, तेव्हां मुलें हसलीं. शोध करणारा प्राध्यापक पगार घेतो तो बहुधा सरकारचा, म्हणजे आपल्या करांचा. प्रयोगाचें साहित्य येतें तें पुष्कळदां सरकारी अनुदानांतून. तो लेख लिहितो आणि मासिकास फुकट देतो. उलट बहुतेक वेळां लेखावरचा हक्कही लिहून देतो. लेख खरा कीं खोटा हें तपासण्यासाठीं मासिक तो दुसऱ्या दोनतीन प्राध्यापकांकडे पाठवितें. तेही बहुधा फुकट तपासतात. आणि मग तोच लेख त्याच प्राध्यापकाच्या कॉलेजनें मोठी वर्गणी भरून विकत घ्यावयाचा! जमीन शेतकऱ्याची, बीं शेतकऱ्याचें, राबणूक शेतकऱ्याची. अडत्यानें नुसती पोत्यांना शिवण घातली, आणि शेतकऱ्यानें आपलाच दाणा त्याच्याकडून दामदुपटीनें घ्यावा, तसा हा व्यवहार आहे.

शिवण घालण्यास कांहींच खर्च येत नाहीं, असें मी म्हणत नाहीं. मजकूर तपासावा लागतो, छापावा लागतो, जपून ठेवावा लागतो. त्याची मजुरी घ्यावी. पण मजुरी किती? एल्सेव्हियर ही या धंद्यांतली सर्वांत मोठी कंपनी. तिच्या शास्त्रीय प्रकाशनाच्या धंद्यांत कैक वर्षें शंभरांत तिसांहून अधिक नफा उरत आला आहे. किराणा दुकानदारानें इतका नफा घेतला तर आपण त्याच्या दुकानाची पायरी चढणार नाहीं.

मग विद्वान ती पायरी कां चढतात? येथेंच खरी मेख आहे. गहूं महाग झाला तर आपण ज्वारी खातों. परंतु एका लेखाऐवजीं दुसरा लेख चालत नाहीं. ज्याला अमुक रोगावरचा अमुक शोध हवा, त्याला तोच हवा. आणि तो एकाच दुकानांत मिळतो. ही खुबी दुसऱ्या महायुद्धानंतर रॉबर्ट मॅक्सवेल या धोरणी माणसानें नेमकी ओळखली. सन १९५१ मध्यें त्यानें पर्गमॉन प्रेस ही कंपनी हातीं घेतली. सरकारें शास्त्रावर पैसा ओतीत होतीं, नवीं नवीं शास्त्रें निघत होतीं. त्यानें प्रत्येकासाठीं नवें मासिक काढलें. ग्रंथालयें किंमत न विचारतां वर्गणी भरीत गेलीं. सन १९९१ मध्यें त्यानें ती कंपनी एल्सेव्हियरलाच विकली.

दुसरी मेख पोटाची आहे. प्राध्यापकाला बढती मिळते ती कोणत्या मासिकांत छापलें यावरून. नांवाजलेल्या मासिकांत छापलें तर वजन, नाहीं तर कोणी विचारीत नाहीं. त्यामुळें दुकान महाग आहे हें ठाऊक असूनही माल त्याच दुकानीं घालावा लागतो. शेवटीं पाळी अशी आली कीं, २०१२ सालीं अमेरिकेंतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीनें, इतक्या वर्गण्या आम्हांस यापुढें झेपणार नाहींत, असें आपल्या प्राध्यापकांस लेखी कळविलें. जगांतलें सर्वांत श्रीमंत विद्यापीठ जर असें म्हणतें, तर आपल्या तालुक्याच्या कॉलेजानें काय म्हणावें?

बंधुभगिनींनो, हें सारें वाचतांना मला महात्मा जोतीराव फुल्यांची आठवण झाली. सन १८८२ मध्यें हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें त्यांनीं निवेदन दिलें. त्यांतला मुद्दा असा कीं, सरकारच्या तिजोरींत पैसा येतो तो रयतेच्या घामाचा, आणि त्या पैशावर उच्च शिक्षण घेतात ते वरच्या वर्गाचे लोक; रयतेच्या मुलांच्या वांट्यास साधी शाळाही येत नाहीं. त्या गोष्टीस आतां एकशें चाळीस वर्षें होऊन गेलीं. प्रश्न मात्र तोच आहे. पैसा कोणाचा आणि फळ कोणाला? जुन्या काळीं विद्येच्या दारावर जातीचा पहारा होता. तो पहारा मोडण्यांत आपल्या आजापणज्यांचे जन्म गेले. आतां त्याच दारावर पैशाचा पहारा बसूं लागला, तर आपण गप्प बसावें काय?

सर्वच गप्प बसले असें नाहीं. १९९१ सालीं अमेरिकेंत पॉल गिन्स्पार्ग या शास्त्रज्ञानें संगणकावर एक मोकळें कोठार उघडलें. तें 'अर्काइव्ह' या नांवानें प्रसिद्ध आहे. पदार्थविज्ञान व गणित यांतले विद्वान आपला लेख मासिकाकडे जाण्याआधींच तेथें ठेवतात, आणि कोणीही तो फुकट वाचतो. रशियाच्या ग्रिगोरी पेरेलमान यानें शंभर वर्षें न सुटलेल्या एका गणिताची उकल २००२ सालापासून तेथेंच ठेवण्यास सुरुवात केली. मासिकाकडे तो गेलाच नाहीं. जगानें ती तपासली आणि खरी ठरविली. त्याच साली बुडापेस्ट शहरांतून एक जाहीरनामा निघाला, कीं शास्त्राचे लेख सर्वांस मोफत वाचतां आले पाहिजेत. ब्राझील देशानें १९९८ पासून 'सायलो' नांवाचें सार्वजनिक कोठार चालविलें आहे. दक्षिण अमेरिकेंतल्या कित्येक देशांचीं मासिकें त्यांत मोफत वाचावयास मिळतात. म्हणजे श्रीमंत देशांसच हें साधतें असें नाहीं.

कांहींनीं कुलूप फोडण्याचा मार्ग धरला. ॲरन स्वार्ट्झ नांवाच्या अमेरिकन तरुणानें एका कोठारांतले लाखों लेख उतरवून घेतले. २०११ सालीं त्याला पकडण्यांत आलें, मोठमोठीं कलमें लावण्यांत आलीं; आणि खटला उभा राहण्यापूर्वींच, २०१३ च्या जानेवारींत, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं त्यानें जीव दिला. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या मुलीनें २०११ मध्यें 'साय-हब' काढून कोट्यवधि लेख जगापुढें टाकले. कंपन्यांनीं दिल्लीच्या उच्च न्यायालयांत २०२० मध्यें दावा लावला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्यें तें भारतांत बंद करण्याचा हुकूम झाला. मी मास्तर आहें. कायदा मोडा असें मी मुलांस सांगणार नाहीं. पण भुकेला माणूस भाकरी उचलतो तेव्हां भाकरीचा भाव काय होता हेंही विचारावें, इतकेंच म्हणेन.

आणि कायदाही दर वेळीं दुकानदाराच्याच बाजूनें नसतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारांतल्या एका लहानशा झेरॉक्स दुकानावर तीन बड्या परदेशी प्रकाशकांनीं २०१२ सालीं दावा केला होता. मुलांना शिकण्यासाठीं पुस्तकांतलीं पानें छापून देतो, हा त्याचा गुन्हा! २०१६ च्या सप्टेंबरांत उच्च न्यायालयानें तो दावा काढून टाकला. पुढें २०१७ मध्यें प्रकाशकांनींही माघार घेतली.

आतां आपल्या सरकारनें काय केलें तेंही सांगितलें पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठीं सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारें तेरा हजार मासिकें. केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक उच्च शिक्षणसंस्थांतल्या सुमारें १.८ कोटी विद्यार्थ्यांस व अध्यापकांस १ जानेवारी २०२५ पासून ती लागू झाली. शहरांतल्या मोठ्या संस्थेंत जें होतें, तें जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजांतल्या गरीब मुलाला मिळूं लागलें, ही गोष्ट चांगली आहे आणि तिला चांगली म्हटलेंच पाहिजे. परंतु दोन गोष्टी विसरूं नयेत. एक, आपलें हें वाचनालय, आपली शाळा, आपलें आरोग्य उपकेंद्र या योजनेंत नाहीं. दुसरी, कुलूप निघालें नाहीं. सरकारनें भाडें भरून किल्ली आणली आहे, आणि भाडें दर मुदतीला भरावें लागणार.

दुसऱ्या बाजूनें एक नवी युक्तीही निघाली आहे. वाचणाराकडून पैसे नकोत, लिहिणाराकडून घ्या! वाचकास लेख मोफत, पण लेखकानें छापण्याची फी भरावयाची. 'नेचर' या जगप्रसिद्ध मासिकानें २०२० मध्यें अशी फी जाहीर केली ती ९,५०० युरो, म्हणजे तेव्हांचे आठ लाखांहून अधिक रुपये. कांहीं ठिकाणीं गरीब देशांतल्या लेखकांस सूट देतात, हें खरें. पण मुळांत कुलूप वाचकाच्या दाराचें काढून लेखकाच्या तोंडाला लावलें, असेंच हें झालें.

आणि जेथें फी आली तेथें भामटे आले. पैसे द्या, आठ दिवसांत लेख छापून घ्या, तपासणी वगैरे कांहीं नाहीं, असलीं मासिकें आपल्या देशांत पावसाळ्यांतल्या छत्र्यांसारखीं उगवलीं. बढतीसाठीं लेख हवा, म्हणून त्यांना गिऱ्हाईक तोटा नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ मध्यें चांगल्या मासिकांची यादी करण्याचें ठरविलें. तें काम आपल्या पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाकडे होतें. २०२५ च्या फेब्रुवारींत आयोगानें ती यादीही बंद केली आणि पारखण्याचें काम विद्यापीठांवर सोपविलें. खोटें नाणें चालतें तें खऱ्याची पारख नाहीं म्हणून. लेख किती हें मोजण्याऐवजीं लेखांत काय आहे हें वाचण्याची तसदी जोंवर वरिष्ठ मंडळी घेत नाहींत, तोंवर हे भामटे हटणार नाहींत.

तुम्ही म्हणाल, मास्तर, हें सगळें खरें. पण आपल्या विहिरीचें काय झालें? सांगतों.

त्या लेखाच्या पहिल्या पानावर लिहिणाराचा ईमेलचा पत्ता होता. मीं आणि माझ्या विद्यार्थिनीनें मिळून चार ओळींचें पत्र लिहिलें, कीं आम्ही त्याच गांवचे, आमच्या पाण्यावरचा लेख आम्हांस वाचावयाचा आहे. तिसऱ्या दिवशीं उत्तर आलें, आणि सबंध लेख जोडलेला! त्या गृहस्थांनीं माफी मागितली होती. त्यांनीं लिहिलें होतें, कीं रिपोर्ट द्यावयाचा राहून गेला याची मला लाज वाटते; लेख छापल्याबद्दल मला एक पैही मिळालेली नाहीं, आणि तो कोणी मागितला तर आनंदच होतो. बंधूंनो, मी त्यांस दोष देत नाहीं. माणूस भला आहे. वाईट आहे ती रीत, जिच्यांत परक्या मासिकास लेख देण्याची आठवण राहते आणि ज्यांच्या विहिरीवरून पाणी नेलें त्यांस सांगण्याची राहत नाहीं.

लेख इंग्रजींत होता. पोरीनें वाचला, मीं मराठींत उतरविला, आणि गेल्या ग्रामसभेंत तो वाचून दाखविला, हें आपणांस माहीत आहे. खालच्या आळीच्या दोन विहिरींत खताचा अंश उतरला आहे, तें पाणी तान्ह्या मुलांच्या दुधांत घालूं नये, इतकी ती साधी गोष्ट होती. ती कळण्यास आपणांस पांचसहा वर्षें लागलीं. त्या वर्षांत त्या दोन विहिरींचें पाणी किती तान्ह्यांच्या पोटीं गेलें, याचा हिशेब कोणत्याच मासिकांत छापलेला नाहीं.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, यापुढें जो कोणी आपल्या गांवांत येऊन माहिती, रक्त, पाणी, माती, गाणीं, गोष्टी, जें कांहीं नेईल, त्याच्याकडून ग्रामपंचायतीनें लेखी कबुली घ्यावी, कीं जें निष्पन्न होईल तें सोप्या मराठींत आधीं आपल्या फळ्यावर लागेल. दुसरी, सरकारी पैशानें झालेला प्रत्येक शोध सर्वांस मोफत वाचतां आला पाहिजे, असा ठराव आजच्या सभेनें करून आपल्या आमदार-खासदारांकडे पाठवावा. तिसरी सूचना आपल्याच हातची आहे. वाचनालयांत जो संगणक आहे तो आठवड्यांतून दोन संध्याकाळ मुलांसाठीं उघडा ठेवावा. जें मोफत आहे तेंही थोडें नाहीं. 'शोधगंगा'वर देशांतल्या विद्यापीठांचे लाखों प्रबंध आहेत, त्यांत मराठीही आहेत. मराठी विश्वकोश आहे. 'करंट सायन्स'सारखें १९३२ पासूनचें शास्त्रीय मासिक आहे. आणि जेथें कुलूप दिसेल तेथें लिहिणारास सरळ पत्र लिहावें. मागण्यांत कमीपणा नाहीं. तो पत्रव्यवहार मी स्वतः मुलांस शिकवीन.

सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेहून ग्रंथपाल बोलावून आपल्या राज्यांत मोफत वाचनालयांची व्यवस्था लाविली. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडीं फिरूं लागल्या. ज्याच्याकडे येण्यास वाचकाचे पाय थकतात, त्या विद्येनें स्वतः वाचकाकडे चालत जावें, हें त्या राजाला कळलें होतें. आज पेटी वाहण्यास बैलगाडीही लागत नाहीं. तारेवरून क्षणांत लेख येतो. अडलें आहे तें फक्त एका कुलुपापाशीं.

विहिरीवर पूर्वीं आपल्यांतल्याच कित्येकांस पाणी भरूं देत नसत. ती विहीर आपण मोकळी केली. आतां त्या विहिरींत काय आहे हें सांगणारा कागदही मोकळा करूं या.